पीएलए प्रिंटवरून ब्राँझ ओतताना शेल तडकतं, राख अडकते: कारणं आणि उपाय

पीएलए या थ्रीडी प्रिंटिंगच्या प्लास्टिकचा नमुना (पॅटर्न) काढायचा, त्यावर सिरॅमिकचं कवच (शेल) चढवायचं, भट्टीत प्लास्टिक जाळून टाकायचं (बर्नआउट) आणि रिकाम्या शेलमध्ये ब्राँझ ओतायचं, अशी ही पद्धत. ती बिघडते तेव्हाची लक्षणं ओळखीची आहेत. थ्रीडी प्रिंट नीट निघाली, सिरॅमिक शेलचे आठ थर व्यवस्थित चढले, पण भट्टीतून शेल बाहेर काढलं तर कडांवर केसासारख्या भेगा. तशातच ओतलं तर ब्राँझवर पात्यासारख्या धारा उठतात, वरच्या अंगाला करडी भुकटी भरलेले खड्डे पडतात, बोटांची टोकं भरतच नाहीत. मग पुढच्या वेळी भट्टी आणखी सावकाश तापवली जाते, शेलला एक थर जास्त दिला जातो, आणि निकाल पुन्हा तोच येतो.

तो तोच येतो, कारण मेणासाठी बसवलेली पद्धत प्लास्टिकला जशीच्या तशी लावलेली असते. मेण वितळतं आणि वाहून जातं. पीएलए तसं वाहत नाही. ते आधी मऊ पडतं, मग काकवीसारखं चिकट होतं, बरंचसं जागच्या जागीच राहतं आणि शेवटी जळतं. म्हणून त्याला दोन गोष्टी लागतात: मऊ पडल्यावर आत कोसळायला पोकळी, आणि जळायला हवा. या दोन्हींची सोय भट्टीत होत नाही, ती प्रिंट स्लाइस करतानाच (म्हणजे स्लाइसर सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलचे प्रिंटरसाठी थर पाडताना) करावी लागते. भट्टीपाशी उभं राहून केलेल्या दुरुस्त्या फारशा लागू पडत नाहीत त्या यामुळेच.

खालचं सगळं कोलॉइडल सिलिका (पाण्यातले सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, जे शेल बांधून धरतात) आणि फ्यूज्ड सिलिका (वितळवून काचेसारखी केलेली सिलिका) यांच्या शेलसाठी आहे. प्लास्टरच्या ठोकळा-साच्याचे नियम वेगळे आहेत, त्याबद्दल भट्टीच्या भागात सांगितलं आहे.

आधी दोष नेमका ओळखा

ओतलेला तुकडा घासायला घेण्याआधी नीट बघा. एकदा ग्राइंडर फिरला की पुरावा गेला.

धातूची पातळ, उभी पाती पृष्ठभागावरून सरळ किंवा फांद्या फुटल्यासारखी धावत असेल तर शेलला भेग होती. ती पाती सपाट भागाच्या मधोमध असेल तर पॅटर्न फुगून शेलला आतून ढकललं गेलं. धारदार कडेवर असेल तर तिथे शेलच पातळ होतं.

वेडेवाकडे, खडबडीत खड्डे आणि त्यांत टोकरल्यावर सुटणारी करडी किंवा पांढरी पूड म्हणजे राख. राख धातूपेक्षा कितीतरी हलकी, त्यामुळे ती तरंगत वर जाते. ओतताना जी बाजू वर होती तिथे आणि बंद टोकांशी ती सापडते. खड्डे गोल, गुळगुळीत आणि आतून चकचकीत असतील तर तो वायू आहे. मग राखेच्या मागे लागू नका, धातू किती तापवला आणि शेलमध्ये ओल किंवा काजळी राहिली होती का ते बघा.

ब्राँझच्या अंगात आरपार किंवा अर्धवट चिरा, आणि चिरेत पांढरं कडक सिरॅमिक अडकलेलं असेल तर स्लरी (शेलचं पातळ सिरॅमिक मिश्रण, ज्यावर रेती टाकून एकेक थर बनतो) प्रिंटच्या आत शिरली होती. हा दोष सगळ्यात फसवा. बाहेरून तो शेलच्या तुटलेल्या कपच्यासारखा दिसतो, म्हणून दोष शेलला दिला जातो. खरं तर प्रिंटला सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

टोकं न भरणं, दोन प्रवाह भेटले तिथे गोल काठाची शिवण दिसणं, ही थंड शेलची किंवा कोंडलेल्या हवेची खूण आहे.

शेल का तडकतं: थोडा हिशोब

पीएलएचं प्रसरण दर अंशाला मीटरमागे साधारण ७० मायक्रॉन असतं, फ्यूज्ड सिलिकाचं अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास. ३०० मिमी लांबीचा तुकडा २५ अंशांवरून ६० अंशांवर नेला, म्हणजे पीएलए मऊ पडायला लागतं तिथपर्यंत, तर प्लास्टिक जवळजवळ पाऊण मिलिमीटर वाढतं आणि शेल एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढंही वाढत नाही. सिरॅमिक दाब बऱ्यापैकी सोसतं, ताण अजिबात सोसत नाही. ठोस पॅटर्न आतून ढकलू लागला की ते फाटणारच. एखादा थर वाढवून हा फरक झाकला जात नाही.

त्यात हवेची भर पडते. प्रिंट बाहेरून बंद असेल तर इन्फिलच्या (प्रिंटच्या आतल्या जाळीच्या) पोकळीतली हवा अडकलेली असते. २५ अंशांवरून १८० अंशांपर्यंत तिचा दाब दीडपट होतो, आणि तोवर भिंत मऊ झालेली असल्याने तो सगळा दाब शेलवर येतो.

हा प्रश्न नवा नाही. १९९० च्या दशकात स्टिरिओलिथोग्राफीचे ठोस रेझिन पॅटर्न शेल फोडायला लागले, तेव्हा थ्रीडी सिस्टिम्सने क्विककास्ट नावाची पोकळ, आतून जाळीदार रचना काढली ती याच कारणाने. भिंत पातळ, आत मोकळी जाळी, आणि पोकळीला बाहेर जायला वाट. पीएलएला हेच तत्त्व लागू आहे.

स्लाइसरमध्ये काय बदलायचं

मुठीपेक्षा मोठं शिल्प ब्राँझमध्ये ठोस ओतत नाहीत. धातूची भिंत ४ ते ६ मिमीची ठेवतात, आत गाभा असतो. तेव्हा मॉडेलला आधी ५ मिमीची भिंत द्या, आतली बाजू उघडी ठेवा, म्हणजे स्लरी आतूनही लागेल. भिंत देण्याच्या आधीच मॉडेल मोठं करून घ्या. सिलिकॉन ब्राँझ गोठताना आणि थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं, म्हणून १०१.५ ते १०२ टक्के. पुढे जोडायच्या सगळ्या तुकड्यांना एकच आकडा लावा. पाय १०१.५ ने आणि धड १०२ ने काढलं की वेल्डिंगच्या वेळी सांधा बसत नाही.

आता या ५ मिमीच्या आत काय असावं, हा कळीचा मुद्दा. ०.४ मिमी नोझलला दोन पेरिमीटर (भिंतीच्या लगतच्या रेघा) द्या, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.८ मिमीच्या आसपास प्लास्टिक आणि मधे तीन-साडेतीन मिमीची पोकळी. इन्फिल ५ टक्के, जास्तीत जास्त ८. प्रकार जायरॉइड, म्हणजे लाटांसारखी वळणारी जाळी. ग्रिड किंवा त्रिकोणी इन्फिल उभ्या बंद खोल्या बनवतं, एका खोलीतली हवा दुसरीत जात नाही. जायरॉइडमध्ये अशा बंद खोल्या होत नाहीत, पोकळी सलग राहते, त्यामुळे एका भोकातून फुंकलेली हवा दुसऱ्या टोकाला निघते. बर्नआउटमध्ये हीच वाट हवेला लागते. शिवाय ते वाकडंतिकडं असल्यामुळे भिंतीला सरळ टेकू देत नाही, तापल्यावर सहज दबतं.

इन्फिल वाढवून प्रिंट मजबूत करण्याचा मोह इथे घातक ठरतो. ३० टक्के इन्फिल म्हणजे दोन भिंतींमध्ये ठोकलेले खांब.

तळहातापेक्षा मोठा सपाट भाग असेल तर मात्र ०.८ मिमीची भिंत स्लरीत बुडवताना लवते आणि पहिला ओला थर सुटतो. तिथे इन्फिल वाढवू नका, तेवढ्याच भागाला तिसरा पेरिमीटर द्या. स्लाइसरमध्ये मॉडिफायर म्हणून एक साधा ठोकळा त्या भागावर ठेवून हे करता येतं.

थराची जाडी ०.१२ ते ०.१६ मिमी ठेवा. फ्लो (प्लास्टिक सोडण्याचं प्रमाण) दोन-तीन टक्के वर, नोझलचं तापमान नेहमीपेक्षा ५ ते १० अंश जास्त, म्हणजे थर एकमेकांत मुरतात आणि छिद्रं कमी राहतात. झेड-सीम (प्रत्येक थर जिथे सुरू होऊन संपतो ती शिवण) एका रेषेत, मागच्या बाजूला. विखुरलेला सीम दिसायला बरा, पण त्यातली बारीक छिद्रं शोधायला सगळा तुकडा पालथा घालावा लागतो. खांदा, डोक्याचा माथा अशा जवळजवळ आडव्या उतारांवर कमी इन्फिलमुळे वरचे थर झोळीसारखे लोंबतात आणि फाटतात. तिथे वरचे थर पाच-सहा करा, किंवा मॉडेल तिरपं ठेवून प्रिंट करा.

धारदार बाहेरच्या कडांना निदान ०.५ मिमी, जमलं तर १ मिमी गोलाई द्या. स्लरी धारेवरून निथळते आणि रेती तिथे टिकत नाही, त्यामुळे शेल नेमकं तिथेच सगळ्यात पातळ होतं. वस्त्राच्या चुण्या, पानांच्या कडा, कानाच्या पाळ्या ही नेहमीची ठिकाणं. ब्राँझ आल्यावर छिन्नीने धार परत आणता येते.

गळतीची तपासणी

ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि ब्राँझमधल्या सिरॅमिकच्या चिरा इथूनच येतात. प्रिंटच्या पोकळीपर्यंत पोचणारं एक ५ मिमीचं भोक खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला ठेवा. त्यात लवचीक नळी घट्ट बसवा, प्रिंट कोमट नव्हे तर साध्या पाण्याच्या टबात बुडवा आणि नळीतून तोंडाने हळू फुंका. कॉम्प्रेसर लावू नका, थर उकलतात. जिथून बुडबुडे येतात तिथे पेन्सिलीने खूण करा. बुडबुड्यांची ओळ एकाच उंचीवर दिसली तर तो थर नीट चिकटलेला नाही, मेणाने लिंपण्यापेक्षा तो तुकडा पुन्हा काढलेला बरा.

सुट्या छिद्रांवर गरम सळईने मऊ मेण भरा. प्रिंट पूर्ण वाळू द्या. पोकळीत पाणी राहिलं तर पुढे त्याची वाफ शेलमध्येच होणार आहे, म्हणून नळी लावून रात्रभर हवा खेळती ठेवा.

मग सगळ्या प्रिंटवर पातळ मेण लावा. एकच उपाय करायला वेळ असेल तर हा करा. मेण ८० ते ९० अंशांवर पातळ करून मऊ ब्रशने भराभर फिरवा, एका जागी रेंगाळू नका, कारण खालची भिंत ६० अंशांनाच मऊ होते. ०.३ मिमीचा थर पुरतो. त्याने थरांच्या रेषा बुजतात, राहिलेली छिद्रं बंद होतात, आणि भट्टीत हे मेण सगळ्यात आधी वितळून निघून जातं. त्याने सोडलेली फट पीएलएला फुगायला मिळते. बारीक कोरीवकामावर मेण साचतं, ते कोमट अवजाराने परत कोरून घ्या. मेणाचं काम येणाऱ्या माणसाचा हात प्रिंटवर फिरण्याची ही जागा आहे, आणि अंतिम ब्राँझमध्ये तो फरक दिसतो.

राख कुठून येते

शुद्ध पीएलए जवळजवळ पूर्ण जळतं. राख होते ती त्यात मिसळलेल्या खनिजांची. पांढऱ्या फिलामेंटमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते कुठल्याही भट्टीत जळत नाही. मॅट आणि संगमरवरी छटेच्या फिलामेंटमध्ये बहुधा खनिज भुकटी असते. अंधारात चमकणारं, धातूमिश्रित, फिकट पेस्टल रंगांचं, ही सगळी बाजूला ठेवा. रंग न घातलेलं, नैसर्गिक, अर्धपारदर्शक पीएलए घ्या. पीव्हीबी फिलामेंटही चांगलं, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून थरांच्या रेषा विरघळवता येतात.

डब्यावर काय लिहिलं आहे यावर विसंबू नका. १० ग्रॅम फिलामेंट वजन केलेल्या छोट्या मुशीत ठेवा, ८०० अंशांवर हवा मिळेल अशी दोन तास जाळा, थंड करून ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पुन्हा तोला. मूस डोळ्यांना रिकामी दिसायला हवी. काटा ०.०२ ग्रॅमपेक्षा जास्त दाखवत असेल तर ते फिलामेंट शिल्पासाठी वापरू नका. ०.२ टक्के हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण ८०० ग्रॅमच्या पॅटर्नमध्ये त्याची १.६ ग्रॅम राख होते, आणि ती राख पिसासारखी हलकी असल्याने बरीच जागा व्यापते.

फिलामेंट निर्दोष असूनही राख निघत असेल तर बोट पुटीकडे दाखवा. गाडीच्या कामाची पॉलिएस्टर पुटी, फिलर प्रायमर, यांत टाल्क, चुनखडीची भुकटी, टायटॅनियम डायऑक्साइड भरलेलं असतं. रेषा लपवण्यासाठी लावलेला प्रायमर म्हणजे शेलच्या आतल्या बाजूला लावलेली राखच, आणि तीही नेमकी त्या जागी जिथे ब्राँझची त्वचा बनणार आहे. सुपरग्लू चालतो, तो जळून जातो. सुपरग्लूवर खाण्याचा सोडा टाकून भेगा भरण्याची युक्ती मात्र इथे नको, कारण सोड्यातलं सोडियम मागे राहतं आणि तापल्यावर सिलिकाला वितळवू लागतं. शेलचा पृष्ठभाग तिथे काचेसारखा होतो आणि धातू त्याला चिकटतो.

गेटिंग: मेणाचंच

स्प्रू आणि रनर (धातू आत नेणाऱ्या वाटा), व्हेंट (हवा बाहेर जायच्या वाटा) प्रिंट करू नका. ते मेणाचे असले की भट्टीत पहिल्या काही मिनिटांत वाहून जातात आणि प्लास्टिक पेट घेण्याच्या आत हवेचे रस्ते उघडे होतात. जिथे मेण प्रिंटला जोडता तिथे आधी प्रिंटच्या भिंतीत ३ ते ४ मिमीची भोकं पाडा आणि ती मेणाने भरा. त्यामुळे मेण वितळल्यावर हवा थेट इन्फिलच्या पोकळीत शिरते. ही भोकं नसतील तर रस्ता भिंतीपाशी येऊन थांबतो.

बर्नआउटमध्ये शेल कप (धातू ओतायचं तोंड) खाली करून ठेवलं जातं. त्या स्थितीत जे सगळ्यात वर येईल तिथे एक तोंड उघडं हवं, म्हणजे हवा कपातून आत येईल आणि वरून धुरासकट बाहेर पडेल, चिमणीसारखी. नुसत्या कपाच्या भरवशावर राहिलात तर वरच्या टोकातला धूर तिथेच कोंडतो आणि काजळी धरतो. बोटं, शिंगं, पंखांची टोकं, प्रत्येक बंद टोकाला ५ ते ६ मिमीची मेणकांडी लावून बाहेर काढा. ओतताना जे व्हेंट कपाच्या पातळीखाली राहतील ते आधी रिफ्रॅक्टरी (उष्णता सोसणाऱ्या) सिमेंटने बंद करायचे, बाकीचे कपाच्या तोंडापेक्षा उंच न्यायचे.

पोकळ शिल्पात आतलं आणि बाहेरचं शेल एकमेकांपासून सरकू नये म्हणून दोन-तीन खिडक्या कापलेल्या असाव्यात. तिथून सिरॅमिक आरपार जाऊन गाभा धरून ठेवतं, आणि आतला भाग वाळवायला पंख्याची हवाही तिथूनच जाते. कापलेले तुकडे स्वतंत्र ओतून नंतर वेल्ड करा.

शेल चढवताना

पोकळ प्रिंट स्लरीत तरंगते. फ्यूज्ड सिलिकाची स्लरी पाण्याच्या दीडपटीहून जड असते, झिर्कॉनची त्याहून बरीच. हाताने दाबून बुडवलं की पातळ भाग लवतो. मेणाच्या स्प्रूमध्ये स्टीलची सळई घालून तिथून धरा, मोठा तुकडा असेल तर स्लरी वरून ओता.

मेणावर स्लरी थेंबाथेंबाने सुटत असेल तर पृष्ठभाग तेलकट आहे. सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, निथळून, पूर्ण वाळवून मगच पहिला थर द्या. पहिले दोन थर बारीक रेतीचे, नंतरचे जाड. मेणाला जिथे सात थर पुरतात तिथे प्लास्टिकला आठ ते नऊ द्या. चौथ्या-पाचव्या थराच्या मधे कडांवरून आणि अरुंद मानेभोवती स्टेनलेसची बारीक तार गुंडाळा, पण नागमोडी. सरळ ताणलेली तार तापल्यावर स्वतःच वाढते आणि शेल फोडते.

वाळवण्याच्या खोलीचं तापमान दोन अंशांपेक्षा जास्त हलू देऊ नका. वरचा हिशोब इथेही लागतो: ३०० मिमीच्या तुकड्याला ५ अंशांचा फरक म्हणजे ०.१ मिमी, आणि कच्च्या पहिल्या थराला तेवढं पुष्कळ. दुपारी उन्हात आणि रात्री गारव्यात ठेवलेलं शेल भट्टीत जाण्याआधीच तडकलेलं असतं, फक्त ते वरच्या थरांखाली झाकलेलं असतं.

शेवटच्या थरानंतर किती वाळवायचं हे घड्याळावर ठरवू नका, वजनावर ठरवा. १२ तासांच्या अंतराने दोनदा तोला. वजन तेच राहिलं की शेल वाळलं. आतला गाभा बाहेरच्या दुप्पट वेळ घेतो.

भट्टी: हळू नव्हे

हळू तापवलं की सुरक्षित, हा समज प्लास्टरच्या साच्यांवरून आला आहे. तिथे तो बरोबर आहे. प्लास्टरमध्ये रासायनिक पाणी असतं, ते सावकाशच काढावं लागतं, आणि ७३० अंशांच्या वर प्लास्टर विघटित होऊ लागतं म्हणून तिथे वरची मर्यादाही असते. सिरॅमिक शेलला यातलं काहीच लागू नाही. शेल वाळलेलं असेल तर हळू तापवण्याने सगळ्यात मोठं नुकसान होतं: पॅटर्न सगळा एकसारखा तापतो, कडक असतानाच सबंध फुगतो, आणि ५० ते १८० अंशांच्या पट्ट्यात तासन्‌तास शेलला रेटत बसतो.

झटका दिला तर उलट होतं. बाहेरचं मेण क्षणात वितळतं, भिंतीची बाहेरची बाजू मऊ पडते, आतला भाग अजून थंड असतो. जोर शेलवर जाण्याऐवजी आत पोकळीत जिरतो.

१. भट्टी ७५० अंशांपर्यंत आधी तापवा. शेल कप खाली करून जाळीवर ठेवा, खाली मेण पडायला धातूचं ताट. कपाचं तोंड जाळीपासून निदान ५० मिमी वर हवं, नाहीतर हवा आत जात नाही.

२. दार शक्य तितकं कमी वेळ उघडं ठेवा. पहिल्या दहा मिनिटांत मेण आणि प्लास्टिक एकदम पेटतं. ८०० ग्रॅम पीएलए जळताना सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता सुटते, म्हणजे चार युनिट विजेएवढी. छोट्या भट्टीचा काटा सेट केलेल्या आकड्याच्या बराच वर जातो, ते धरून चाला आणि बर्नर किंवा कॉइल तेवढा वेळ बंद ठेवा. या वेळात दार उघडू नका. आत कोंडलेल्या धुराला हवा मिळाली की ज्वाला बाहेर येते.

३. ज्वाला थांबल्यावर ८०० ते ८५० अंशांवर दोन ते तीन तास ठेवा, आणि इथे हवा द्या. काजळी उष्णतेने जात नाही, ऑक्सिजनने जाते. गॅसची भट्टी असेल तर हवा वाढवून ज्योत निळी आणि आखूड ठेवा. पिवळी, लांब ज्योत भट्टीत ऑक्सिजन उरू देत नाही, मग कितीही तास ठेवलं तरी शेल आतून काळंच राहतं. विजेच्या भट्टीत वरचं भोक उघडं ठेवा आणि खालून सिरॅमिक नळीने थोडी हवा सोडा.

४. १००० अंशांच्या वर नेऊ नका. फ्यूज्ड सिलिका फार तापली की तिचं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचं स्फटिकरूप) होऊ लागतं, आणि तसं शेल थंड होताना २७० अंशांच्या खाली कुरकुरून तडकतं.

गरम भट्टी उघडता येत नसेल, तर भट्टीला जमेल तितक्या पूर्ण वेगाने थेट ४०० अंशांपर्यंत न्या, मधे कुठेही थांबा देऊ नका. अशा भट्टीत मेणाचा लेप आणि ५ टक्के इन्फिल यांवर तडजोड करता येत नाही.

हे सगळं खेळत्या हवेत, धूर खेचणाऱ्या पंख्याखाली करा. जळत्या पीएलएच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, घरातल्या बंद खोलीत हे काम करायचं नाही.

ओतण्याआधी शेल थंड करून तपासा

मेणाच्या कामात भट्टीतून काढून थेट ओततात. पीएलएच्या कामात मधे एकदा पूर्ण थंड करा. १००० अंशांखाली भाजलेलं फ्यूज्ड सिलिकाचं शेल हे सहज सोसतं.

कपातून टॉर्च मारा. आतली भिंत पांढरी दिसायला हवी. करडी किंवा काळी असेल तर हवा पोचली नाही, पुन्हा ८०० अंशांवर दोन तास. पांढरी आहे पण पूड दिसते, तर ती राख, आणि भट्टीत परत घालून उपयोग नाही. शेल उलटं धरून व्हेंटमधून कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने सोडा, कोपऱ्यांसाठी बारीक नळी व्हॅक्यूमला जोडा. तरीही राहिली तर साध्या पाण्याने खळखळून धुवा.

धुताना भेगांचाही शोध लागतो. आत पाणी भरलं की बाहेरून भेगेवर ओली रेघ उमटते. सगळं शेल हळूहळू ओलसर होणारच, ते सच्छिद्र आहे. आधी उठलेली, स्पष्ट रेघ ती भेग. तिच्यावर बाहेरून रिफ्रॅक्टरी सिमेंट दाबून भरा आणि वर स्लरी व रेतीचे दोन थर द्या. नखाच्या धारेएवढी भेग असेल तर दुरुस्ती करून ओतता येतं, ब्राँझवर पातळ पाती येईल ती घासून काढा. दोन काठ वरखाली सरकले असतील तर ते शेल ओतण्याच्या लायकीचं नाही. धातू फुटून बाहेर येईल, आणि तो तुमच्या पायावर येईल.

धुतलेलं शेल पुन्हा पूर्ण वाळवलंच पाहिजे. आधी १२० ते १५० अंशांवर चार तास, मग ७०० अंशांवर एक तास. ओल्या शेलमध्ये वितळलेला धातू गेला तर वाफेचा स्फोट होतो. या बाबतीत अंदाज करू नका, पुन्हा तोला.

ओतताना शेल ६०० ते ७०० अंश, सिलिकॉन ब्राँझ ११०० ते ११५० अंश. टोकं भरत नसतील तर आधी शेल वाढवा, धातू नाही. धातू जास्त तापवला की वायू शोषतो आणि गोल खड्डे वाढतात. दुरुस्त केलेलं शेल कोरड्या, तापवलेल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरून ओता. शेल फोडताना पी१०० दर्जाचा श्वसनमास्क घाला आणि पाणी मारत फोडा, कारण भाजलेल्या सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते.

तरीही भेग येतच असेल

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि शिल्पावर नाही, चाचणीच्या तुकड्यावर. १५० × १०० × ५ मिमीच्या तीन पाट्या त्याच फिलामेंटमध्ये काढा: एक ५ टक्के जायरॉइडची नुसती, दुसरी तशीच पण मेणाचा लेप दिलेली, तिसरी २० टक्के ग्रिडची. तिन्हींना एकाच दिवशी तेच थर द्या, एकाच वेळी भट्टीत घाला. तिसरीच फुटली तर तुमची भट्टी आणि शेल ठीक आहेत, दोष स्लाइसिंगमध्ये. पहिली आणि तिसरी फुटली, लेपवाली वाचली, तर भट्टी पुरेशी झटक्यात तापत नाही, तेव्हा लेप ०.५ मिमीपर्यंत वाढवा. तिन्ही फुटल्या तर पॅटर्न सोडून द्या आणि शेलकडे वळा: वाळवण्याच्या खोलीत किमान-कमाल तापमान नोंदवणारा थर्मामीटर दोन दिवस ठेवा, आणि स्लरीचा दाटपणा दर बुडवणीआधी झान कपाने (तळाला भोक असलेला कप, तो किती वेळात रिकामा होतो ते बघतात) मोजा. जुन्या, जेल व्हायला लागलेल्या कोलॉइडल सिलिकाचं शेल हाताला कडक लागतं, पण त्यात जोर नसतो. त्याची वाळलेली पट्टी हाताने मोडून ताज्या स्लरीच्या पट्टीशी ताडून बघा, फरक लगेच कळतो.